बोटीच्या दिवशीचा पहारा

रत्नागिरीच्या बाजारात दादू हमालाला तोंडावर 'अरे दादू' म्हणणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे चिमा खाणावळवाली. बाकीचे त्याला दादूशेट म्हणत आणि तो वळला की थुंकत. चिमा त्याच्यासमोरच थुंकायची.

बंदरावरून बाजाराकडे चढणारा जो रस्ता आहे, त्याच्या वळणावर तिची खाणावळ होती. कौलं जुनी, भिंती चिऱ्याच्या, पुढे माडाच्या झापांचा मांडव. मुंबईच्या बोटीतून उतरलेला माणूस रात्रभर ओकून ओकून रिकामा झालेला असे. तो या वळणावर आला की आतून बांगड्याच्या कालवणाचा वास यायचा आणि त्याचे पाय आपोआप थांबायचे. जेवण चांगलं असे, पण ते शांतपणे गळ्याखाली उतरेल याची खात्री नसे. पानात भात टाकणाऱ्याला ती शेजाऱ्यांसमोर विचारायची, घरी आई असाच टाकायला शिकवते का. हात न धुता बसणाऱ्याला उठवायची. तरी लोक येत.

ती मूळची मिऱ्याची. नवरा धाकू आगबोटीवर खलाशी होता. एका परमुलखाच्या बंदरात तो तापाने गेला. ही बातमी घेऊन त्याचा सोबती उतरला, तेव्हा चिमा पुळणीवर धाकूचीच वाट बघत उभी होती. सासरच्यांनी दिवसकार्य झाल्यावर तिला माजघरातून पडवीत काढलं. पडवीत राहायला ती तयार नव्हती. धाकूची बहीण राही नवऱ्याने टाकलेली, भावाच्या घरी दिवस काढत होती. तिला बरोबर घेऊन चिमा गावातून निघाली ती बंदरावर येऊन चूल मांडून बसली. राही स्वयंपाक करी आणि कुणाशी वाकडं बोलत नसे. त्या दोघींच्या वाट्याचं सगळं वाकडं चिमा एकटी बोले.

एकोणीसशे तीस साली मिठाचा सत्याग्रह झाला. पोलीस जिल्ह्याभर पांगले, आणि बाजारावर लक्ष ठेवायला एखाददुसरा हवालदार उरला. तेव्हापासून बोटीच्या दिवशी बाजारात चोऱ्यांचा सुळसुळाट झाला. चाकरमानी मुंबईहून यायचा तो ट्रंक, वळकटी, बायकोसाठी लुगडं, पोरांसाठी बिस्किटांचा डबा असं सगळं घेऊन. बाजाराच्या तिठ्यावर गर्दीत कुणीतरी धक्का द्यायचा, कुणीतरी पडायचं, कुणीतरी उचलायला धावायचं, आणि तेवढ्यात बोचकं नाहीसं व्हायचं. हळूहळू लोक शहाणे झाले. बोटीतून उतरले की बाजारात पाऊल न टाकता थेट मोटारीच्या अड्ड्यावर जाऊ लागले. कापडवाले, भांडीवाले, किराणावाले दारात उभे राहून त्यांच्या पाठी बघत राहायचे.

मग कापडाचे व्यापारी भिकाजीशेट यांनी आपल्या माडीवर सगळ्या दुकानदारांना बोलावलं. बाजार आपला आहे, तर त्याची राखण आपणच एकत्र येऊन केली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. चिमाही गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती दाराशी बसली तेव्हा एकाने तिला सांगितलं की ही सभा दुकानदारांची आहे.

"मग माजा काय देवूळ हाय?" ती म्हणाली, आणि बसून राहिली.

सभेत ठरलं ते असं. व्यापाऱ्यांचं एक रक्षक मंडळ काढायचं, प्रत्येक दुकानाने त्यात आपला वाटा द्यायचा, आणि बाजाराच्या पहाऱ्याचं काम बंदरावरच्या हमालांचा मुकादम दादू याला द्यायचं. बाजारातली उचलेगिरी करणारी पोरं दादूच्याच अंगणात वाढलेली आहेत, हे त्या माडीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भिकाजीशेटनाही होतं. त्यांचा हिशोब सरळ होता: ज्याच्यामुळे चोऱ्या होतात त्यालाच राखणदार केलं की चोऱ्या थांबतात.

चिमा उठली आणि एवढंच म्हणाली, "चोराच्या हातात चाव्या दिलात. आता घरात सुखान् झोपा." मग जिना उतरून गेली. मागे माडीवर हसल्याचा आवाज तिला ऐकू आला.

आणि गंमत अशी की भिकाजीशेटचं खरं झालं. दादूच्या माणसांना खाकी कोट मिळाले, शिट्ट्या मिळाल्या, हातात दांडके आले, आणि पावसाळ्यात बोटी थांबेपर्यंत, त्या सबंध हंगामात, तिठ्यावर एक बोचकं गेलं नाही. चाकरमानी परत बाजारात यायला लागले. दुकानदार जाता येता चिमाला टोमणे मारत. एकाने तर खाणावळीच्या दारातून विचारलं, की काय चिमे, चाव्या हरवल्या का आमच्या? चिमाने त्याच्यावर भांड्याचं खरकटं पाणी ओतलं. त्याचं धोतर भिजलं. तिचं त्या मंडळाशी वैर तेव्हापासून उघड झालं.

दुसऱ्या हंगामापासून दादूचे खरे रंग दिसायला लागले. बोटीतून उतरणाऱ्याने त्याचाच हमाल घ्यायचा, नाहीतर सामान पुढे जाणार नाही. खेड्यावरून केळी, नारळ, भाजी घेऊन येणाऱ्या बायकांनी बसायच्या जागेसाठी त्याच्या माणसांची मर्जी राखायची. दुकानदार हे बघत होते, पण त्यांच्या फळीवरचं काही जात नव्हतं, म्हणून गप्प होते. मग दादूची माणसं त्यांच्याही गाद्यांवर बसायला लागली, पान मागायला लागली, कापड उचलून 'लिहून ठेवा' म्हणायला लागली. तेव्हा गप्प बसण्याचं कारण बदललं. आता ते भ्यायले होते.

एके दुपारी दादूची चार माणसं खाणावळीत जेवून, हात धुऊन, पैसे न देताच निघाली. चिमाने विचारलं तर त्यातला एक म्हणाला, आम्ही राखणदार आहोत. चिमाने त्यांच्या उष्ट्या पत्रावळी उचलल्या आणि बंदरावर जाऊन, दादू जिथे गोणींवर बसायचा तिथे त्याच्या पुढ्यात टाकल्या. दहा माणसांच्या देखत सांगितलं की तुझ्या कुत्र्यांना तू घाल.

दादू चिडला नाही. तो चिडत नसेच. सावकाश म्हणाला, "वयनी, तुला पाणी कोण देतो?"

दुसऱ्या दिवशी पखालवाला आला नाही. तिसऱ्या दिवशी मासळीवाल्या तिच्या दारावरून मान खाली घालून गेल्या. त्यांना तिला मासळी विकायची बंदी झाली होती. चिमा पहाटे उठून मिऱ्याला चालत गेली, माहेरच्या होड्यांवरून मासळी घेतली आणि पाटी डोक्यावर घेऊन आली. राहीने लांबच्या विहिरीवरून पाणी वाहिलं. मग एके दिवशी पाण्याच्या पिंपात कुणीतरी घासलेट ओतलं. शिजलेला भात तोंडात घालवेना. पंगत उठून गेली. चिमाने सगळा भात उकिरड्यावर टाकला, पिंप राखेने घासलं, पुन्हा पाणी आणलं, पुन्हा भात रांधला. तोवर जेवायला कुणी उरलं नव्हतं.

ती भिकाजीशेटकडे गेली. तुमच्या राखणदाराने माझ्या पिंपात घासलेट ओतलं, असं सांगितलं. शेट गजाने कापड मोजत होते. मान वर न करता म्हणाले, तू मंडळात वाटा देत नाहीस, मग मंडळ तुझं काय करणार? थोडं नमतं घे. चार माणसांना चार घास घातलेस तर काय बिघडतं? आम्हीही सोसतोच आहोत.

"तुमी सोसता ता तुमच्या भित्रेपणाला," चिमा म्हणाली. "मला नका शिकवू."

शेटनी कारकुनाला सांगून तिला दुकानाबाहेर काढलं.

एकोणीसशे बत्तीसच्या शिमग्याला जे घडलं ते भर दिवसा, सगळ्या बाजारासमोर घडलं. सकाळची बोट आली. बोट दूर पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावांतून किनाऱ्यावर यायची. त्या दिवशी उतरलेल्यांत काळबादेवीचा शिवा होता, परदेशी जहाजावरचा खलाशी, दोन वर्षांनी घरी निघालेला. पालखी घराघरांत यायच्या आत त्याला गावी पोचायचं होतं. दादूच्या हमालाने ट्रंकेला हात घातला तसा शिवा म्हणाला की मी जहाजावर याच्या तिप्पट ओझं उचलतो. आणि ट्रंक खांद्यावर टाकून चालू लागला.

तिठ्यावर त्याला अडवलं. खाकी कोटातली माणसं होती, गळ्यात मंडळाच्या शिट्ट्या होत्या. पहिला दांडका त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा कोपरावर. ट्रंक खाली पडली. आजूबाजूच्या दुकानांतून फळ्या लावल्याचे आवाज येऊ लागले, एकामागून एक, जसे सांजेला येतात तसे. आणि बाहेर तर लख्ख ऊन होतं. शिवा सरकत सरकत भिकाजीशेटच्या पायरीशी गेला. दार अर्धं उघडं होतं. आतून कारकून म्हणाला, "पुढे जा बाबा, इथे नको." मग तेही दार लागलं.

कुणीतरी खाणावळीत सांगितलं. चिमा आणि राही धावत आल्या. तोवर खाकी कोटवाले ट्रंक घेऊन गेले होते. रिकाम्या तिठ्यावर तो धिप्पाड माणूस हात पोटाशी धरून बसला होता आणि पन्नास पावलांवर हवालदार पाठ करून उभा होता. दोघींनी त्याला उचललं. चिमा जाता जाता प्रत्येक बंद फळीसमोर थांबली आणि आतल्या माणसाचं नाव घेऊन सांगत गेली, की मी तुला बघितलं. ओरडली नाही. नुसतं नाव घेत गेली. पुढे एका दुकानदाराने कबूल केलं की त्या दिवशी तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शिवाचा कोपर मोडला होता. हाडवैद्याने बांधला, पण हात पुन्हा सरळ होणार नाही असं सांगितलं. राही रडली. चिमा त्याच पावली बंदरावर गेली.

बोटीवरून माणसं आणणारे पडाववाले सगळे मिऱ्याचे नाहीतर काळबादेवीचे. कुणी तिच्या माहेरचा, कुणी शिवाच्या भावकीतला. ती त्यांच्यात जाऊन बसली आणि तिने घडलं ते सांगितलं. त्यांची डोकी फिरली. काठ्या घेऊन दादूवर जाऊ म्हणाले. चिमाने त्यांना बसवलं. दादूला मारून काय होणार, ती म्हणाली; त्याला पोसतात ते माडीवर बसलेत. त्यांच्या पोटावर पाय पडल्याशिवाय त्यांना कंठ फुटायचा नाही.

पुढची बोट आली तेव्हा बाजार सजून बसला होता. शिमग्याची गर्दी, मुंबईहून येणारे लोक, वर्षातला मोठा दिवस. दादू हमाल घेऊन धक्क्यावर उभा होता. पडाव बोटीला लागले, माणसं भरून निघाले, आणि बंदराकडे न येता उत्तरेला वळले. मिऱ्याच्या पुळणीवर त्यांनी माणसं उतरवली. तिथे बैलगाड्या उभ्या होत्या. चिमाने आदल्या दिवशीच चूल, टोप आणि राहीला तिकडे हलवलं होतं. लोकांनी वाळूत बसून गरम भात खाल्ला आणि परस्पर आपापल्या गावी गेले. बाजारात एक चाकरमानी आला नाही. त्याच्या पुढच्या बोटीलाही तेच झालं.

शिमगा संपायच्या आत भिकाजीशेट दोन व्यापाऱ्यांना घेऊन मिऱ्याला आले. उन्हात चालून आले होते, बूट वाळूत रुतत होते. चिमा टोप घासत होती. तिने त्यांना बसा म्हटलं नाही.

शेटनी गोड बोलून पाहिलं. झालं ते वाईट झालं, शिवाच्या औषधपाण्याचं मंडळ बघेल, तू पडाववाल्यांना समजाव. मग जरा आवाज चढवला: हे बेकायदेशीर आहे, आम्ही वर अर्ज करू शकतो. चिमा घासतच होती. शेवटी शेट म्हणाले, "चिमाबाई, तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

तिला अहोजाहो करण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

"दादूचे कोट काढून घ्या. शिवाची ट्रंक आणा. आणि कोर्टात उभं ऱ्हावून सांगा, तुमच्या पायरीवर काय झाला ता."

"आणि मग पहारा कोण करणार?"

"तुमी."

शेटना वाटलं मंडळ म्हणते आहे. ते म्हणाले, हो, मंडळ दुसरी माणसं ठेवील.

"माणसं नाय," चिमा म्हणाली. "तुमी सोता. बोटीच्या दिवशी हरेक दुकानातला मालक तिठ्यावर उभा ऱ्हायला पायजे. कारकून नाय, गडी नाय. ज्याचा बाजार त्यान् राखायचा."

भिकाजीशेटच्या तोंडाशी जे आलं ते त्यांनी गिळलं. परतीच्या वाटेवर त्यांनी त्या बाईला जी नावं ठेवली ती बरोबरच्या व्यापाऱ्यांनी नंतर चवीने सांगितली. पण आणखी एक बोट मिऱ्याला गेली असती तर पुढच्या वर्षी ती वाट कायमची झाली असती, हे त्यांना कळत होतं.

एकटा कुणीही दादूकडे गेला नसता. सगळे मिळून गेले. बाजारातले झाडून सारे दुकानदार, काही एकमेकांच्या मागे लपत, पण गेले. आणि एवढी माणसं एकदम दारात बघून दादूची पोरं मागच्या मागे पसार झाली. कोट, शिट्ट्या परत आल्या. ट्रंकही मिळाली, कुलूप फोडलेली, आत शिवाचे जुने कपडे तेवढे राहिलेले. आईसाठी घेतलेलं घड्याळ आणि शाल गेली ती गेलीच.

त्याच दिवशी दादू खाणावळीच्या दारात आला. चिमा मिऱ्याहून परत येऊन पुन्हा रांधायला लागली होती. तो आत आला नाही, चौकटीला टेकून उभा राहिला.

"शेट लोक आज तुझ्या बाजूला हायत," तो म्हणाला. "उद्या नसतील."

"आजपन नायत," चिमा म्हणाली. "पन तुझ्या बाजूला कोन हाय?"

दादूने मांडवाकडे पाहिलं. मांडवात पडाववाले जेवत होते. त्यांनी जेवण थांबवलं होतं. तो निघून गेला. शिवाच्या फिर्यादीवर खटला चालला तेव्हा भिकाजीशेट साक्षीला उभे राहिले, कपाळावरचा घाम पुसत, पण पायरीवर काय घडलं ते त्यांनी सांगितलं. दादूला शिक्षा झाली. सुटल्यावर तो मुंबईला गेला म्हणतात. रत्नागिरीत दिसला नाही.

मग बोटीच्या दिवशी तिठ्यावर एक अजब दृश्य दिसू लागलं. लांब कोट, टोपी, हातात काठी घेऊन कापडवाले, भांडीवाले, किराणावाले आळीपाळीने उभे. पोटं सुटलेली, पाय दुखलेले. पण त्यांना गिऱ्हाइकाचा चेहरा पाठ होता, गर्दीत नवखा कोण आणि उगाच घुटमळणारा कोण हे त्यांना भाड्याच्या राखणदाराहून चांगलं कळायचं. त्यांचा कुणी दबदबा मानला असं नाही. पण गिऱ्हाइकाचं सामान जाताना बघून हाच मालक धावत येईल, हे चोरांना समजलं. चोऱ्या बंद झाल्या. भाजीवाल्या बायका पुन्हा आपल्या जागी बसल्या.

चिमाला याचं श्रेय कुणी दिलं नाही. मंडळाचा वार्षिक समारंभ झाला, त्यात भिकाजीशेटना हार घातला आणि त्यांच्या दूरदृष्टीवर भाषणं झाली. चिमाला नारळ आणि लुगडं पाठवलं. तिने नारळ फोडून कालवणात घातला आणि लुगडं आणणाऱ्याच्याच हाती परत दिलं. त्यानंतर मंडळाने ठराव केला की बंदराच्या वळणावरच्या चुलींच्या धुराने बाजाराची शोभा जाते, सबब त्या हलवाव्यात. त्या वळणावर चूल एकच होती. चिमाने ती हलवली नाही, आणि हलवायला सांगायला कुणी आलंही नाही.

तिचं आणि भिकाजीशेटचं वैर शेवटपर्यंत राहिलं. एकदा शेटच्या पाळीला त्यांचा कारकून काठी घेऊन उभा राहिलेला तिला दिसला. ती तशीच दुकानात गेली, गिऱ्हाइकं बसली होती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की पडाव अजून लागायचे आहेत, मिऱ्याची वाट मला माहीत आहे. शेट उठले. पायताण घालताना म्हणाले, "तू मेलीस की मी साखर वाटीन." चिमा म्हणाली की साखर आत्ताच आणून ठेवा, पुढे महागेल.

पण ती आधी गेली नाही. शेटच गेले, सदतीस साली, पावसाळ्यात. प्रेत बाजारातून नेलं तेव्हा सगळी दुकानं बंद होती. चिमाने खाणावळ चालू ठेवली. राहीला ते आवडलं नाही. मेल्या माणसाशी कसलं वैर, असं ती म्हणाली. चिमा म्हणाली, मेला म्हणून काय चांगला झाला?

शेटच्या जागी आलेला मंडळाचा अध्यक्ष तरुण होता. त्याने ठरवलं की वळणावरच्या खाणावळीलाही मंडळात घ्यायचं आणि तसं सांगायला तो स्वतः आला. चिमाने त्याला दारातूनच वाटेला लावलं. तो परत फिरला, तेव्हा राही ओले हात पदराला पुसत बाहेर आली. म्हणाली की खाणावळ दोघींची आहे, आणि मी येते.

चिमाने तिच्याशी बोलणं टाकलं. राही पुढ्यात ताट वाढायची, चिमा जेवायची, पण शब्द नाही. नारळीपौर्णिमा झाली, समुद्र खाली बसला, हंगामातली पहिली बोट आली. राहीने डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला, काठी घेतली आणि तिठ्यावर जाऊन उभी राहिली, कापडवाला एका बाजूला आणि भांडीवाला एका बाजूला. लोक बघून हसले, मग हसायचे थांबले, आणि आपापली बोचकी सांभाळत पुढे गेले.

दुपारी ती घरी आली तेव्हा चिमा चुलीपाशी बसली होती. त्या दिवशी भात तिनेच रांधला होता, आणि तो खाली लागला होता. राहीने पान घेतलं. तेव्हा चिमा म्हणाली, "काठी अशी धरतात? सूप धरल्यासारखी?"

राहीने करपलेला भात पानात घेतला आणि जेवू लागली.